परत आलेले डबे

माझी मावशी शेवटपर्यंत मला विचारायची, "तू त्या हापिसात करते काय?"

भिलाईत हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. इथला माणूस प्लांटमध्ये, म्हणजे पोलादाच्या कारखान्यात, असतो. रेल मिल की कोक ओव्हन एवढं सांगितलं की समोरच्याला बाकीचं आपोआप कळतं. माझे वडील भंडाऱ्याकडची शेती भावाच्या हाती देऊन इथे आले आणि फाउंड्रीत लागले. माझा भाऊही प्लांटमध्येच गेला. मी मात्र कॉम्प्युटर शिकले, काही वर्षं दुसऱ्यांना शिकवला, आणि मग नेहरू नगरातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर म्हणून लागले. गेल्या वर्षी निवृत्त झाले ती तिथूनच. मावशीला मी सांगायची, "दुसऱ्याईनं बनवलेलं कुठं मोडते, ते शोधाचं काम आहे माहं."

ती एकदा जरा विचार करून म्हणाली, "म्हणजे सासूचं."

याहून नेमकी व्याख्या मला पुढे कुठे वाचायला मिळाली नाही.

आमचं ऑफिस एका कोचिंग क्लासच्या डोक्यावर होतं. खाली मुलं मोठ्यांदा रसायनशास्त्र घोकायची, वर आम्ही वेब ॲप्लिकेशन बनवायचो. कोणाच्या शाळेची हजेरी, कोणाच्या दवाखान्याच्या वेळा, असं रोजचं काम मोबाइलवरून करता यावं, अशी ती व्यवस्था. प्रोग्रामर ती लिहितात. त्यांनी एक गोष्ट बदलली की आधीची दुसरी एखादी बिघडली नाही ना, हे कोणीतरी पाहावं लागतं. दर वेळी माणसाने बसून प्रत्येक बटण दाबायचं म्हटलं तर जन्म पुरणार नाही. म्हणून बटणं दाबणारेही छोटे छोटे प्रोग्राम लिहितात. त्यांना ऑटोमेटेड टेस्ट म्हणायचं. एकदा आज्ञा दिली की त्या ओळीने धावतात. जी जमली ती हिरवी दिसते, जी फसली ती लाल. माझी नोकरी त्या लाल ओळींवर चालली.

लोकांना वाटतं लाल ओळ म्हणजे चूक सापडली. निम्म्या वेळा चूक भलतीकडेच असते, आणि बहुतेक वेळा ती असते डेटाबेसच्या कनेक्शनमध्ये. ते काय असतं, हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

ॲप्लिकेशनची सगळी माहिती डेटाबेसमध्ये असते. ती वाचायची किंवा तिच्यात भर घालायची तर डेटाबेसशी आधी एक कनेक्शन जोडावं लागतं. दर वेळी नवं जोडण्यात वेळ जातो, म्हणून काही आधीच जोडून ठेवतात. ज्याला काम असेल त्याने त्यातलं एक घ्यायचं, काम झालं की परत ठेवायचं. प्लांटच्या कँटीनमध्ये ताटं असतात तसं. जेवण झाल्यावर लोकांनी ताटं परत दिलीच नाहीत, तर भात तयार, वरण तयार, वाढणारा तयार, आणि रांगेतला माणूस तरीही उपाशी. कनेक्शन परत आली नाहीत की ॲप्लिकेशनचं हेच होतं. काहीच मोडलेलं नसतं, फक्त सगळं थांबलेलं असतं.

निखिल हटवार आमच्याकडे नवा होता तेव्हा असाच एका कोड्यात अडकला. निखिल आमचा सगळ्यात हुशार प्रोग्रामर. वडील प्लांटमध्ये, आई पवनीकडची. घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि चिडला की दोन्ही एकत्र. एका शाळेच्या ॲप्लिकेशनसाठी त्याने टेस्ट लिहिली होती. टेस्ट आधी डेटाबेसमध्ये एका खोट्या विद्यार्थ्याचं नाव लिहायची आणि मग पडद्यावर ते नाव शोधायची. पडदा म्हणायचा, असा विद्यार्थी नाही.

"ताई, नाव टाकून राहिलो ना मी. सामने लिखा है. मग याले दिसत कावून नाही?"

मी त्याला समजावलं. टेस्टने नाव लिहिलं ते स्वतःच्या कनेक्शनवरून, आणि लिहिलं तेही कच्चं, कारण टेस्ट संपल्यावर ते पुसून टाकायचं असतं. ॲप्लिकेशन पाहत होतं दुसऱ्या कनेक्शनवरून. एकाने कच्चं लिहिलेलं दुसऱ्याला दिसत नाही. पक्कं केल्यावरच दिसतं. शेवटी आम्ही टेस्टमधली माहिती पक्की लिहायची आणि टेस्ट संपली की झाडून पुसायची, असं ठरवलं. पुसण्याआधी हा टेस्टचाच डेटाबेस आहे ना, याची खात्री करणारी एक ओळ मी वर घातली. खरा डेटाबेस पुसला गेला तर शाळेतली सगळी मुलं एका झटक्यात नाहीशी होतील. निखिल हसला, पण त्या दिवसापासून तो माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसू लागला. आमची दोस्ती तिथून.

डब्यांचं काम आलं ते याच्या बऱ्याच नंतर.

कॅम्प-१ या वस्तीत कमलाबाई साहू नावाच्या एक बाई काही बायकांना सोबत घेऊन डबे पोहोचवायच्या. त्यांची गिऱ्हाइकं म्हणजे निवृत्त म्हातारे-म्हाताऱ्या. भिलाईत असे खूप. मुलं शिकली, पुण्या-बंगलोरला गेली, आणि घर बांधून बसलेले आईवडील मागे राहिले. मुलांनी तिकडून डबा लावायचा, इथे रोज दुपारी कमलाबाईंच्या बाईने तो दारात द्यायचा आणि मोबाइलवर 'दिला' असं बटण दाबायचं. डबा घेतला नाही, दार उघडलं नाही, तर 'परत' दाबायचं. 'परत' दाबलं की मुलाला किंवा मुलीला लगेच मेसेज जायचा: तुमच्या आईने, तुमच्या वडिलांनी आज डबा घेतला नाही.

हा मेसेज कमलाबाईंचा आग्रह होता. आमचे साहेब, देशकर, यांच्यासमोर त्या ठाण मांडून बसल्या होत्या. "साहब, खाना तो कोई भी पहुँचा देगा. बबा ने दरवाजा नहीं खोला, ये उसके बेटे को कौन बताएगा?" छत्तीसगढीत आजोबाला बबा म्हणतात, आईला दाई. त्यांच्या लेखी सगळीच गिऱ्हाइकं बबा नाहीतर दाई.

निखिलने ॲप्लिकेशन लिहिलं, मी टेस्ट लिहिल्या. आणि टेस्ट लाल व्हायला लागल्या. त्यातही गंमत अशी, की रोज वेगळी टेस्ट लाल. एकटी चालवली की हिरवी, सगळ्या मिळून चालवल्या की मधेच कुठेतरी सगळं थांबायचं आणि डेटाबेस म्हणायचा, कनेक्शन शिल्लक नाही.

"ताई, तुमच्या टेस्ट कनेक्शन सोडत नसतील," निखिल म्हणाला. "मेरा कोड ठीक है."

असं असू शकतं. टेस्टही कनेक्शन घेऊन बसतात. मी आधी माझंच घर तपासलं. मग प्रत्येक टेस्टच्या आधी किती कनेक्शन बाहेर आहेत आणि संपल्यावर किती, हे मोजणारं एक लहानसं काम मागे लावलं. ज्या टेस्टनंतर आकडा वाढलेला राहील, तिथे पाणी मुरतंय. एका दुपारी ते सापडलं. 'दिला' दाबलं की कनेक्शन परत यायचं. 'परत' दाबलं की मेसेज जायचा आणि प्रोग्राम तिथूनच बाहेर पडायचा, कनेक्शन हातात घेऊन.

म्हणजे टेस्ट बरोबर होत्या. लाल दिसायची ती टेस्ट बिचारी रांगेत शेवटी उभी होती, इतकंच.

मी निखिलला दाखवलं. त्याने पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "हाओ, आहे. पण ताई, सोचो ना, दिवसातून एखादाच डबा परत येते. आपण रोज सकाळी सर्व्हर बंद-चालू करतो, तेव्हा समदे कनेक्शन सुटतात. तुमची टेस्ट एकापाठोपाठ एक डबे परत करते. असं खरंच कधी होणार आहे का?"

देशकरांना सुरुवात करायची घाई होती. वैशाली नगरातल्या गल्ल्यांपासून चालू करू, हे नंतर नीट करू, असं ठरलं. मी टेस्ट लालच ठेवली. निखिल रोज येता-जाता तिच्याकडे पाहायचा.

पोळ्याच्या दिवशी दुपारी कमलाबाईंचा फोन आला. बायकांचे मोबाइल अडकले होते, कोणाचंच बटण दाबलं जात नव्हतं, पडद्यावर चाक नुसतं गरगर फिरत होतं. निखिलने सर्व्हर बंद करून चालू केला. सगळं पुन्हा सुरळीत झालं. त्याने नेटचा दोष असेल असं म्हटलं, पण माझ्याकडे न पाहता म्हटलं. कमलाबाईंना मात्र भलतंच दुःख होतं. त्यांनी त्या दिवशी डब्यात पोळ्याची खारी ठेठरी आणि गोड खुरमी घातली होती, घरी बसून तळलेली, आणि डबेच्या डबे परत आले होते.

"मैडम, पोरा के दिन कोई ठेठरी-खुरमी वापस करता है क्या?" असं त्या मला विचारत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या जिन्यावर पावलं वाजली. कोचिंगच्या पोरांची धावती पावलं आम्हाला ओळखू यायची. ही सावकाश येणारी होती. दारात एक उंच म्हातारे गृहस्थ उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायांत काळे बूट, जणू ड्यूटीवर निघालेत.

"नमस्कार. मी बिसेन. रेल मिलमधून रिटायर झालो. मले एक तक्रार द्याची आहे."

मी खुर्ची दिली. ते बसले नाहीत. तक्रार उभ्याने द्यायची असते, असा काही त्यांचा समज असावा.

"काल मी डबा परत केला. पण माह्या पोरीले मॅसेज गेला नाही."

"तुम्हाला कसं कळलं काका?"

"तिचा फोन नाही आला."

निखिलने कानातले हेडफोन काढले.

"डबा कावून परत केला होता? भाजी बरोबर नव्हती काय?" मी विचारलं.

"भाजी चांगली असते. त्या बाईच्या हाताले चव आहे."

"मग?"

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. खाली रस्त्यावरून ट्रक जात होते. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "डबा घेतला तर मॅसेज जात नाही ना, बाई."

मी पुन्हा खुर्ची पुढे केली, आणि या वेळी ते बसले. निखिल उठून त्यांच्यासाठी पाणी घेऊन आला. मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची मुलगी अर्चना पुण्याला बँकेत होती. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. पोरगी चांगली, रविवारी फोन करते, पण मधे आठवडा असतो. एकदा खरंच पोट बिघडलं म्हणून त्यांनी डबा परत पाठवला, आणि थोड्याच वेळात तिचा फोन आला. बराच वेळ बोलली. काय झालं, औषध घेतलं का, रात्री झोप लागते का. काही दिवसांनी त्यांनी पोट ठीक असताना डबा परत केला. पुन्हा फोन आला.

"मंग मी गल्लीत वर्माले सांगतलं. वर्मानं त्या मिश्राले सांगतलं. आता समद्याईले माहीत आहे. मी सांगून ठेवलं होतं का एकाच दिवशी समदे जण नका करू, बाईले संशय येईन. पण काल पोळा होता. समद्याईले आपापल्या लेकराईची आठवण आली."

निखिलने एकदा माझ्याकडे पाहिलं. त्याच्या खांद्यामागे पडद्यावर माझी लाल ओळ होती. एकापाठोपाठ एक डबे परत करणारी माझी टेस्ट खऱ्या जगात घडणारच नाही, असं त्याला वाटलं होतं. मलाही ते घडेल असं वाटलं नव्हतं. मी फक्त नियम म्हणून ती लिहिली होती. डबा परत आला तर मेसेज जातो का, हे मी तपासलं होतं. तो मेसेज कोणाला हवा असेल, हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नाही. निवृत्त झाल्यावर आता जी हळहळ वाटते ती याचीच, की इतकी वर्षं मी बटणं पाहिली, बटणापलीकडचा माणूस क्वचितच.

निखिल काकांना स्वतःच्या बाइकवर घरी सोडायला गेला. तो परत यायला बराच वेळ लागला. आल्यावर थेट बसला आणि कनेक्शनची ती चूक नीट केली. प्रोग्राम कोणत्याही दाराने बाहेर पडो, मेसेज जावो न जावो, मधेच काही फसो, कनेक्शन परत ठेवूनच बाहेर पडायचं, असं त्याने लिहिलं. माझी टेस्ट हिरवी झाली. टेस्टला नाव द्यावं लागतं. मी तिला काहीतरी रुक्ष नाव दिलं होतं. त्याने ते खोडून लिहिलं, 'बिसेन काका'.

"काका दिवसभर काय करतात?" मी विचारलं.

"काही नाही ताई. मले अल्बम दाखवत होते."

आता देशकरांना प्रश्न पडला होता, आणि तो चुकीचा नव्हता. खोटे मेसेज जात राहिले तर मुलं ते वाचणं सोडून देतील. कमलाबाईंचं अन्न परत येतं ते वेगळंच. देशकरांनी सुचवलं, डबा घेतानाच 'बोलायचं आहे' असं एक बटण ठेवू. काकांनी सांगायचं, बाईने दाबायचं, मुलीला तसा मेसेज जाईल. चांगली कल्पना होती. आम्ही बटण बनवलं, टेस्ट केलं, चालू केलं.

ते कोणीही वापरलं नाही.

मी एका दुपारी डबे पोहोचवणाऱ्या बाईसोबत वैशाली नगरात गेले. बिसेन काकांच्या दाराशी बाईने विचारलं, "बबा, बात करना है, ऐसा लिख दूँ?"

"कावून लिहिते?" ते म्हणाले. "तिले काम असते बँकेत. उगाच कायले तरास द्याचा." आणि डबा परत दिला.

पोटात बरं नाही हे सांगणं चालतं. आठवण येते असं लेकीला लिहून पाठवायला त्या गल्लीत एकही माणूस तयार नव्हता. मी परतीच्या रस्त्यावर त्याचाच विचार करत होते. माझे वडीलही असेच होते.

मग देशकरांनी दुसरा उपाय सांगितला. जो वारंवार डबा परत करतो, त्याचा मेसेज थांबवायचा. निखिलने ते लिहिलं. मी त्याला म्हटलं, "लिहिलं ते लिहिलं, पण चालू नको करू. दारातून खोटं कोणतं अन् खरं कोणतं, हे कसं समजणार?"

देशकर रोज विचारायचे, झालं का. निखिल गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "सर, टेस्ट फेल होऊन राहिली आहे. ताई पाहून राहिल्या." टेस्ट फेल होत नव्हती. ज्या माणसाने माझ्या लाल ओळींना आजवर नावं ठेवली, तो आता नसलेल्या लाल ओळीच्या मागे लपला होता. मी माझ्या पडद्याकडे पाहत गप्प बसायची.

त्याच काळात पराते काकूंचं झालं. त्या नेहरू नगरातच राहायच्या, आमच्या ऑफिसपासून जवळ. मुलगा नागपूरला. त्यांनीही या युक्तीची खबर कुठूनतरी मिळवली होती आणि त्या आठवड्यात डबा परत करून मुलाचा फोन मिळवला होता. मग एका दुपारी बाईने कडी वाजवली, आतून उत्तर आलं नाही, तिने 'परत' दाबलं. त्या दुपारी वैशाली नगरातूनही भराभर डबे परत येत होते. तरी आता कनेक्शन संपली नाहीत, मेसेज गेला. मुलाने आईला फोन लावला, तिने उचलला नाही, तेव्हा त्याने शेजाऱ्यांना उठवलं. दार तोडून आत गेले तर काकू न्हाणीघरात पडलेल्या, कंबरेचं हाड मोडलेलं, पण शुद्धीवर. वेळेत दवाखान्यात नेलं आणि त्या वाचल्या.

मुलाचा आभाराचा फोन देशकरांना आला. फोन ठेवून ते निखिलच्या टेबलाशी आले. "तो मेसेज थांबवायचा प्रोग्राम चालू आहे का?"

"नाही सर."

"काढून टाक." एवढं म्हणून ते आत गेले.

निखिल उठला, गच्चीवर गेला, आणि बऱ्याच वेळाने डोळे धुऊन खाली आला. कमलाबाईंनीही तक्रार सोडली. परत आलेले डबे त्या संध्याकाळी वस्तीतल्या बायकांना वाटायला लागल्या, आणि नव्या बायकांना कामावर घेताना शिकवू लागल्या, "बबा वापस करे तो बहस मत करना. बटन दबाना."

दिवाळीला अर्चना आली. ऑफिसात येऊन तिने आपली ओळख दिली तेव्हा मी जरा घाबरले. वाटलं, ही भांडायला आली. चाळिशीची, शांत चेहऱ्याची बाई. तिने फराळाचा डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "तुम्ही वासंतीताई ना? बाबा सांगत होते, तुम्हीच त्यांची तक्रार लिहून घेतली."

"कोणती तक्रार सांगितली त्यांनी?"

"मेसेज गेला नाही म्हणून." ती हसली. "ताई, मला माहीत आहे. सुरुवातीपासून माहीत आहे. पोट बिघडलं म्हणायचे आणि मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या."

"मग तुम्ही त्यांना कधी…"

"कावून सांगू?" इतका वेळ ती पुण्याची मराठी बोलत होती, इथे मात्र घरची आली. "मी काउंटरवर बसते. दुपारी समोर रांग असते. बाबांशी बोलाचं आहे म्हटलं तर मॅनेजर उठू देणार आहे का? पण बाबांनी डबा परत केला, एकटे असतात, असं म्हटलं का तो म्हणते, जा, जा, पहले फोन करो. मग मी बाहेर जिन्यात जाऊन बसते. मलेही कारण पाहिजेच होतं ना, ताई." जाताना दारात थांबून ती म्हणाली, "त्यांना सांगू नका हं, मला माहीत आहे म्हणून."

मी सांगितलं नाही. निखिललाही सांगितलं ते काका गेल्यावर, खूप पुढे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मला फोन आला. हसत होती की रडत होती, पटकन कळलं नाही.

ती घरी स्वयंपाक करत होती. डबा आला तेव्हा काकांनी बाईला सांगितलं, आज नको, पोरगी आली आहे. बाईने शिकवल्याप्रमाणे 'परत' दाबलं, आणि स्वयंपाकघरात अर्चनाचा मोबाइल वाजला: तुमच्या वडिलांनी आज डबा घेतला नाही. तिने सवयीने फोन लावला. काका समोर व्हरांड्यात बसले होते. त्यांनी उचलला.

"बोल बेटा."

"बाबा, जेवलात का?"

"नाही अजून. पोरगी आली आहे ना, ते करून राहिली."

"काय करून राहिली?"

"वांग्याची भाजी. तिच्या मायसारखी जमत नाही तिले. पण मी तिले म्हणत नाही तसं."

घरी आल्यापासून दोघं समोरासमोर बसून टीव्हीच पाहत होते, असं अर्चना मला म्हणाली. काय बोलावं तेच सुचत नव्हतं. आणि आता फोनवर काका आईबद्दल बोलायला लागले. ती वांगी कशी निवडायची, तिला राग आला की भाजीत तिखट कसं वाढायचं, शेवटच्या दिवसांत तिने काय काय खायला मागितलं होतं. हे अर्चनाने कधी ऐकलं नव्हतं.

तिने गॅस बंद केला आणि भिंतीला टेकून, खाली फरशीवर बसून ऐकत राहिली.